वासाचा तास

स्पॅनिशमधला पहिला शब्द मी पाथरीत शिकले आणि तो शब्द होता नाक. नारीस. पुण्यात कॉलेजात स्पॅनिश शिकवायच्या नोकरीला लागल्यावर हे सांगितलं की माझे सहकारी हसायचे. त्यांतले बहुतेक दिल्ली-मुंबईला शिकलेले, एकदोघे तर थेट तिकडे राहून आलेले. पाथरीत आणि स्पॅनिश? मग मीही त्यांच्याबरोबर हसायचे. आता निवृत्त झाले, आता कुणाला बरं वाटावं म्हणून हसायची गरज उरली नाही. म्हणून हे एकदाचं लिहून टाकते. गोड करून लिहिणार नाही. "जाऊ दे ना सुजाता, केवढं जुनं झालं ते," असं सांगणाऱ्यांनी हे प्रकरण खुशाल सोडून पुढे जावं.

आमचं घर विहाराच्या मागं. दोन खोल्या, वर पत्रे, पुढं शहाबादी फरशीचा छोटा ओटा. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून होते. पांढरा शर्ट, नीळ दिलेला, खिशाला शाईचा एक डाग ठरलेला. आई शाळेत गेली नव्हती, पण तिच्याइतकी चौकस बाई मी आजवर पाहिली नाही. रोज शाळेतून आलं की चुलीपुढं बसायचं आणि आज काय शिकलो ते सांगायचं, त्याशिवाय भाकरी मिळायची नाही. भाकरी थापताना तिच्या बांगड्या एका तालात वाजायच्या, पलीकडून जिनिंगचा भोंगा व्हायचा, आणि ती विचारायची, "मंग? आज काय शिकिवलं?" माझी स्पॅनिश सुरू झाल्यावर तर तिला रोज एक नवा शब्द लागायचा. 'मानो' म्हणजे हात, हे सांगितलं त्या संध्याकाळी ती मानो मानो म्हणत सगळ्या भाकऱ्या थापत होती. दादा बाहेरून ओरडले, "अगं, पोरीला शिकू दे, तू कशाला शिकायलीस?" आई म्हणाली, "फुकटचं हाय, सोडू का मग?"

शिकवणाऱ्या होत्या कुमुदबाई. गावातल्या मोठ्या डॉक्टरांची बायको. हैदराबादला स्पॅनिश शिकल्या, आणि लग्न होऊन पाथरीला आल्या, जिथं त्या भाषेचा कुणाला कणभर उपयोग नव्हता. डॉक्टरांनी नोकरी करू दिली नाही. मग बाईंनी डोकं चालवलं आणि दर रविवारी दुपारी चारला बंगल्याच्या पडवीत मुलांचा वर्ग सुरू केला. मुलं जमवायला त्या आमच्या शाळेतही आल्या होत्या. "कुणाला शिकायचंय?" मी हात वर केला. त्यांनी नाव विचारलं, मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "छान. ये तू. भाषेला जात नसते." मी अकरा वर्षांची होते. मला लय आनंद झाला. जातीचं तर मी काहीच बोलले नव्हते, मग ती मधेच कुठून आली, हे विचारायची अक्कल यायला पुढं बरीच वर्षं गेली.

वर्गात आम्ही अकरा मुलं. किराणा दुकानवाल्यांचा गोपाल, वकिलांची मेधा, बाकीची त्याच गल्लीतली. बाई व्याकरण शिकवायच्याच नाहीत. त्या कविता लिहायला लावायच्या आणि कविता फक्त नाक, कान, डोळे, जीभ, कातडी यांच्याच. फळ्यावर त्या दिवशीच्या इंद्रियाचं नाव लिहायचं, आमच्या डोळ्यांवर त्यांच्या जुन्या साड्यांच्या पट्ट्या बांधायच्या, आणि मग एखादी वस्तू कानाशी वाजवायच्या किंवा नाकाशी धरायच्या. पट्टी सोडली की चार ओळी लिहायच्या. 'उएले आ' म्हणजे अमक्याचा वास येतो. 'साबे आ' म्हणजे अमक्याची चव लागते. पुढचा शब्द येत नसला तर विचारायचा, बाई सांगायच्या. मी पहिली ओळ लिहिली ती दादांच्या शर्टावर. नीळ, शाई आणि कालव्याच्या पाण्याचा वास. बाईंनी ती सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. त्या रविवारी मी घरी चालत गेले नाही, पळतच गेले. आजही सांगते, इतकं चांगलं शिकवणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. हे लिहिताना जीव जळतो, पण खोटं का लिहू?

आणि खोट्यावरून आठवलं. बाईंचा एक नियम होता, तो त्या दर रविवारी सांगायच्या. "जे नाकात गेलं नाही, जिभेवर आलं नाही, ते वहीत येणार नाही. इथं थापा चालत नाहीत." गोपालनं एकदा बर्फाच्या डोंगराला हात लावल्याची ओळ लिहिली. बाईंनी तांबड्या पेन्सिलीनं ती अशी खोडली की कागद फाटला. "पाथरीत बर्फाचा डोंगर कुठं आहे रे?" मेधानं समुद्राची खारट चव लिहिली, तीही खोडली गेली, मेधा रडली तरी. तांबड्या रेघेची आम्हाला भीती वाटायची, आणि रेघ नसलेली ओळ म्हणजे खरी ओळ, असा आमचा इतबार बसला होता.

चवीचे तास मात्र सगळ्यांच्या आवडीचे. त्यासाठी दर वेळी एका मुलानं घरून काहीतरी करून आणायचं, आळीपाळीनं. डोळे बांधलेल्या मुलांना बाई ते चमच्यानं भरवायच्या आणि आम्ही लिहायचो. गोपालनं तीळ-गुळाची वडी आणली, मेधानं आवळ्याची सुपारी, कुणी लिंबाचं लोणचं. मला दर वेळी तळहातावर मिळायचं. मला वाटायचं, सगळ्यांना असंच मिळत असणार. एकदा माझी पट्टी सैल झाली आणि फटीतून दिसलं, की चमचा गोपालच्या तोंडात गेला, मेधाच्या तोंडात गेला, आणि माझ्यापाशी आला तेव्हा वीतभर वरून तळहातावर पडला. मी पट्टी पुन्हा घट्ट केली. माझे दात जरा पुढं आहेत, लागतील चमच्याला, म्हणून असेल, अशी मी माझी समजूत घातली. आरशात दात बघायची सवय मला त्या आठवड्यात लागली.

मग माझी पाळी आली. आईला सांगितलं तर ती दोन दिवस आधीपासून कामाला लागली. धपाटे करायचे ठरले. ज्वारीचं पीठ दोनदा चाळलं, त्यात थोडं बेसन, थोडी कणीक, लसूण-मिरचीचं वाटण, ओवा, भरपूर तीळ. ओल्या फडक्यावर थापायचे आणि करडईच्या तेलावर भाजायचे. नेहमीचे धपाटे ताटाएवढे असतात, पण आईनं ते वाटीनं गोल कापले, सगळे सारखे. "एकाला बारीक, एकाला मोठा, असं नको व्हायला. मोठ्या घरचे लेकरं हायेत," ती म्हणाली. अकरा मुलांचे अकरा आणि बाईंसाठी एक मोठा, न कापलेला, सगळ्यांत वर. दादांचा कोरा रुमाल डब्यावर बांधला. घरभर वास सुटला होता. दादा दारात उभे राहून म्हणाले, "एखादा आम्हाला?" आई म्हणाली, "मोजून केलेत. उद्या करते तुम्हाला." जाताना तिनं मला दोनदा बजावलं, "कसे लागले ते इचारून ये. समद्यांचं इचार."

पडवीत पोचले तेव्हा फळ्यावर खडूनं 'गुस्तो' लिहिलेलं होतं. गुस्तो म्हणजे चव. मुलं आधीच बसली होती, गोपाल नाक वर करून म्हणाला, "आयला, धपाटे!" मी डबा बाईंपुढं ठेवला. रुमालाची गाठ त्यांनीच सोडली, झाकण काढलं, आत पाहिलं. मग त्या उठल्या, डस्टर घेतलं, 'गुस्तो' पुसलं आणि तिथं 'ओल्फातो' लिहिलं. ओल्फातो म्हणजे वास.

"आज आपण वासाचा तास घेऊ," बाई म्हणाल्या.

"बाई, वासाचा तर मागच्या रविवारी झाला," मेधा म्हणाली.

"परत घेऊ. वास अवघड असतो."

"पण बाई, एक तुकडा तरी—" गोपाल.

"गोपाल, डोळे बांध."

आणणाऱ्या मुलाचे डोळे बांधत नसत, त्याला सगळं ठाऊकच असतं. त्यामुळे त्या दिवशी मी डोळे उघडे ठेवून सगळं पाहिलं. बाई डबा घेऊन ओळीनं गेल्या. प्रत्येकाच्या नाकाशी धरायच्या, मुलं मान पुढं करायची, दीर्घ श्वास घ्यायची, गोपालची तर जीभ बाहेर आली होती. आणि बाई डबा मागं घ्यायच्या. दहा नाकं झाली. बंगल्याचं आतलं दार बंद होतं, घरात कुणीही नव्हतं, डॉक्टर आणि त्यांची आई सेलूला लग्नाला गेले होते, हे बाईंनीच आल्या आल्या सांगितलं होतं. पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की बाईंना घरच्यांचा धाक असेल. पण घरचं कुणी नव्हतं हो. बाईच होत्या फक्त. मुलांनी चार चार ओळी लिहिल्या, चांगल्या लिहिल्या. बाईंनी झाकण लावलं, रुमाल पहिल्यासारखा बांधला आणि डबा माझ्या हातात दिला. "घरी घेऊन जा हं. मुलं जेवून आलीत." आवाज इतका मऊ होता की मी 'हो बाई' म्हणाले. थँक्यूसुद्धा म्हणाले, स्पॅनिशमधून.

भरलेला डबा घेऊन घरी जायचं कसं? आईला काय सांगू? मी घराकडं न वळता कालव्याकडं गेले. तिथं पुलाच्या कठड्याखाली बसले आणि खायला लागले. फेकून देता आले असते, पण आमच्या घरात अन्न फेकलं तर पाठ सोलून निघायची, आणि आईनं वाटीनं कापलेले ते धपाटे पाण्यात टाकायला माझा हात झाला नसता. पहिले तीन चवीनं खाल्ले. सहाव्यानंतर मिरची झोंबायला लागली. नवव्याला रडू आलं, ते मिरचीचं होतं असं मी तेव्हा ठरवलं. बाईंचा मोठा धपाटा शेवटी उरला. तो कालव्याचं पाणी पीत पीत संपवला. मग रुमाल झटकला, डब्यातले तीळ बोटानं टिपले आणि घरी गेले.

आईनं डबा हलवून पाहिला आणि तिचं तोंड असं उजळलं की काय सांगू. "समदे संपले? बाईनंबी खाल्ला?"

"हो."

"मोठा?"

"मोठाच."

"काय म्हनले गं पोरं? लिवलं का कवितेत? वाच की!"

मी वही उघडली. पान कोरं होतं. त्या पानाकडं बघून मी वाचायला लागले, आधी स्पॅनिशमधून, मग मराठीतून. "गोपाल म्हणतो, साबे आ फिएस्ता, याची चव सणासारखी. मेधा म्हणते, तीळ दाताखाली तडतडले. बाई म्हणतात, माझी जीभ आज जागी झाली." आईनं ते तीनदा म्हणवून घेतलं. दादा म्हणाले, "ही कविता नीट लिहून काढ, चांगल्या अक्षरात," आणि समोरच बसून राहिले. मग काय करणार? लिहिली. संध्याकाळी माझ्या पोटात असा काही गोळा उठला की मी जेवायला बसलेच नाही. आईनं ओवा चावायला दिला, पोटावरून हात फिरवत विचारलं, "एवढं काय खाल्लंस गं?" मी म्हटलं, काही नाही. तिनं पुढं विचारलं नाही. पुष्कळ वेळ नुसता हात फिरवत बसली.

पुढच्या रविवारी बाईंनी वह्या तपासायला घेतल्या. माझी वही त्यांच्या हातात गेली. म्हटलं, आता तांबडी रेघ. जे जिभेवर आलं नाही ते वहीत. खरं सांगायचं तर मला ती रेघ हवी होती. बाई वाचत राहिल्या, वाजवीपेक्षा जास्त वेळ. मग पेन्सिल उचलली आणि खाली लिहिलं, 'मुय बिएन'. फार छान. वही परत देताना माझ्याकडं पाहिलं नाही. नंतर आमच्या वर्गाचं एक हस्तलिखित निघालं, त्यात ती कविता मराठी अर्थासकट बाईंनी स्वतःच्या अक्षरात उतरवली. त्यानंतरही मी वर्गाला जात राहिले. भाषा हवी होती ना मला. अजून तीन वर्षं गेले, तळहातावर घेत राहिले, आणि त्याच भाषेवर पुढं माझं पोट भरलं. हेच सगळ्यांत कडू आहे. नुसता राग धरावा तर तोही धड धरता येत नाही.

गेल्या हिवाळ्यात गोपालचा फोन आला. बाईंची पंचाहत्तरी, गावात सत्कार, आणि प्रमुख पाहुणी मी. नाही म्हणणार होते. मग वाटलं, जावं आणि एकदाचं बोलून टाकावं. चार पानं लिहिली, पर्समध्ये घातली. दादा आता नाहीत. आई ऐंशीची, पाथरीतच असते, गुडघे गेलेत पण जीभ शाबूत. मी आदल्या दिवशी पोचले तर ती म्हणाली, "मीबी येनार." सकाळी उठून बघते तर आई स्वयंपाकघरात, ओलं फडकं पाटावर, हातात वाटी. मी म्हटलं, "आई, कशाला?" ती म्हणाली, "बाईला आवडले व्हते न्हवं?"

मंगल कार्यालय भरलं होतं. आई पहिल्या रांगेत, मांडीवर डबा. गोपालचं पोट सुटलंय, टक्कल पडलंय, गावात वजन आहे. त्यानं माईक हातात घेऊन ते जुनं हस्तलिखित उंच धरलं. "आज लोक जातीपातीवर भांडतात. आमच्या बाईंच्या वर्गात त्या काळी जात नव्हतीच! पुरावा देतो," आणि त्यानं माझी कविता वाचली. गोपाल म्हणतो, याची चव सणासारखी. वाचून त्यानं ओठ चाटले. "खरं सांगतो, त्या धपाट्यांची चव अजून जिभेवर आहे!" टाळ्या पडल्या. तो थाप मारत नव्हता, त्याला तसंच आठवत होतं. मी बाईंकडं पाहिलं. त्या मांडीवरच्या हाराची फुलं सरळ करत होत्या.

मग मला बोलावलं. मी चारही पानं बाहेर काढली, घडी उलगडली, आणि समोर आई. कविता ऐकून पदरानं डोळे पुसत होती, शेजारणीला सांगत होती, "माझ्या हातचे व्हते." मी पानं तशीच धरून उभी राहिले. लोकांना वाटलं, गहिवर आला. शेवटी म्हणाले, "धपाटे फार चांगले झाले होते. बाईंनी मला भाषा दिली." आणि खाली बसले. अकराव्या वर्षी मी जे खोटं आईसाठी रचलं, त्याचंच बाईंना प्रशस्तिपत्र झालं, आणि त्यावर माझी सही मी स्वतः भर सभेत करून आले.

सत्कार झाला, बाईंना पेढा भरवला. एक गोपालनं, एक मेधानं, एक नगराध्यक्षांनी. मग आई काठी टेकत व्यासपीठाच्या पायरीशी गेली. मी मागं होते. आईनं झाकण काढलं. अकरा छोटे, वर एक मोठा. "बाई, तुमच्यासाठी केलते."

बाईंनी डब्याला हात लावला नाही, हात जोडले. "अहो, कशाला त्रास घेतलात. मला शुगर आहे हो. घरी घेऊन जा, नातवंडांना द्या."

आवाज तसाच मऊ. आईनं झाकण लावलं, "बरं बरं, तब्येतीला जपा," म्हणाली, आणि आम्ही जीपमध्ये येऊन बसलो. बाजार गेला, एसटी स्टँड गेलं, कालव्याचा पूल आला. आई बराच वेळ डब्यावर हात ठेवून पुढं बघत होती.

"शुगर हाय म्हनं," ती म्हणाली.

"हं."

"धपाट्यात कुठं साखर असती गं, सुजे?"

मी पुलाचा कठडा बघत राहिले. आईनं डबा उघडला, वरचा मोठा धपाटा काढून त्याचे दोन तुकडे केले आणि एक माझ्यापुढं धरला.

"घे," ती म्हणाली. "या बारीला एकटीनं नको खाऊ."